फौजींच्या पेन्शनीमुळं राज्याची तिजोरी रिकामी होते का?

आमच्याकडं बीड-धाराशिवच्या पारावर एक गोष्ट कित्येक वर्षं ऐकतोय, की फौजींच्या पेन्शनीतच राज्याचं बजेट संपतं मग मराठवाड्याच्या पाण्याला पैसा कुठून उरणार. हे साफ चुकीचंय.

फौजीची पेन्शन राज्य देतच नाही, ती केंद्राच्या संरक्षण बजेटमधून येते. २०२५-२६ ला संरक्षणासाठी ६ लाख ८१ हजार कोटी ठेवले, त्यातले जवळपास १ लाख ६१ हजार कोटी निव्वळ पेन्शनीचे, आणि हा सगळा पैसा दिल्लीचा. वारलेल्या फौजीच्या बायकोची फॅमिली पेन्शनपण तिकडूनच.

माझ्या मावशीलाही अशीच फॅमिली पेन्शन; ती चालू राहावी म्हणून ती दर वर्षी हयातीच्या दाखल्याला सीएससी सेंटरवर (सरकारी ऑनलाइन कामांच्या केंद्रावर) जाते, कापूस वेचून बोटं एवढी झिजलीत की मशीन ठसा घेत नाही, चार-चार वेळा पदराला बोट पुसून परत लावते. तिला कुणी म्हणावं की तू राज्यावर बोजा आहेस, हे मला सहन होत नाही.

मग राज्याचा खर्च काहीच नाही का? आहे ना. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयं राज्याची, पण त्यांच्याही खर्चात केंद्राचा वाटा असतो. माजी सैनिकांना घरपट्टी माफ आहे, तो पैसा ग्रामपंचायत नाहीतर नगरपालिकेचा बुडतो, आणि छोट्या ग्रामपंचायतीला ते जाणवतं हे मान्य. शहिदाच्या घरच्यांना राज्य मदत देतं ती वेगळी. पण पेन्शनीच्या रकमेपुढं हे सगळं फार थोडं, आणि पाण्याच्या योजना रखडल्या त्याचा जाब विचारायचाय तर तो मुंबईला विचारा, मावशीला नाही.