चित्रपट रसग्रहण आणि सिनेमाचा इतिहास (सोलापूर)

पिच्चर आवडला का नाही एवढ्यावर न थांबता तो बनवलाय कसा, आणि बघताना आपल्याला जे वाटलं ते कुठल्या शॉटमुळं, कुठल्या कटमुळं, कुठल्या आवाजामुळं वाटलं हे शोधत जाणं म्हणजे चित्रपट रसग्रहण. रीतसर शिकायचं तर पुणं जवळ आहे, तिथं फिल्म इन्स्टिट्यूट, १९६४ सालचं राष्ट्रीय फिल्म संग्रहालय आणि फिल्म अ‍ॅप्रिसिएशनचा कोर्स, सगळंच आहे. पण सोलापूरकराला सुरुवातीचं मटेरियल घरातच मिळतं.

इतिहासाच्या बाजूनं यायचं तर 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' (१९४६) घ्यावा. डॉ. द्वारकानाथ कोटणीस सोलापूरचे, १९३८ ला काँग्रेसनं चीनला पाठवलेल्या पाच डॉक्टरांतले एक, १९४२ ला तिकडंच वारले, वय फक्त ३२. चारच वर्षांत व्ही. शांतारामांनी पिच्चर काढला, कोटणीसांचा रोल शांतारामांनी स्वतःच केला आणि चिनी बायकोच्या रोलमध्ये जयश्री. आता इथं पुष्कळ जण फसतात, पिच्चर बघितला म्हणजे चरित्र कळलं असं धरून चालतात. ख्वाजा अहमद अब्बासांच्या पुस्तकावरनं घेतलेला हा पिच्चर स्वातंत्र्याच्या आदल्या वर्षी आलाय, त्यामुळं कुठला प्रसंग फुगवलाय, कुठला गाळलाय हे खऱ्या चरित्राशेजारी ठेवून बघायचं, तिथं इतिहासाचा अभ्यास सुरू होतो. नुसती सालं पाठ करून काय होत नाही.

त्याच्याही मागं गेलं की पिच्चरच हाती लागत नाहीत. १९१३ चा 'राजा हरिश्चंद्र' तुकड्यांतच उरलाय, १९३१ च्या 'आलम आरा'ची तर एकपण प्रिंट नाही. मग जाहिराती, पोस्टर, जुने पेपर, टॉकीजबाहेर विकायच्या त्या गाण्यांच्या चोपड्या यांच्यावरच काम भागवावं लागतं. गिरण्यांच्या या गावात मराठी, हिंदी, तेलुगू, कन्नड असा सगळाच पब्लिक, त्यामुळं कुठल्या टॉकीजला कुठल्या भाषेचा पिच्चर लागायचा आणि बघायला कोण जायचं, हापण इतिहासच.

विश्लेषणाला मात्र दिग्दर्शक नागराज मंजुळेंचे पिच्चर घ्यावेत. माणूस करमाळा तालुक्यातल्या जेऊरचा. 'फँड्री'त शाळेतनं राष्ट्रगीत ऐकू येतं आणि डुकरामागं पळणारं जब्याचं (पिच्चरमधल्या मुख्य पोराचं) घरदार आहे तिथंच थांबतं, डुक्कर मात्र थांबत नाही. लगेच 'व्यवस्थेवर भाष्य' म्हणून मोकळं व्हायचं नाही, ते कुणीपण बोलतं. आधी नोंद करायची: कॅमेरा किती लांब उभाय, फ्रेममध्ये कोण आहे, कट कधी झाला, आवाज कुठनं येतोय. मग तोच सीन आवाज बंद करून बघायचा, नंतर स्क्रीनकडं पाठ करून नुसता ऐकायचा. दोन्हीत काय काय गेलं ते लिहून काढलं की अर्थ आपोआप सुटत जातो. 'सैराट'च्या (२०१६) शेवटी खून पडद्यावर दाखवलेलाच नाही, आवाज काढून घेतलाय, लहान पोराची रक्ताची पावलं तेवढी दिसतात. तिथं गाणं टाकलं असतं तर काय झालं असतं, हा प्रश्न कुठल्याही जाड पुस्तकापेक्षा जास्त शिकवतो. 'मिज-आँ-सेन' (फ्रेममध्ये काय काय कसं मांडलंय ते) वगैरे शब्द नंतर शिकले तरी चालतात.

एक अडचण कायमची, यूट्यूबवरच्या जुन्या कॉप्या पुष्कळदा कडेनं कापलेल्या असतात, अशा कॉपीवरनं फ्रेमबद्दल काही ठरवू नये.