मृदू ऊतींचा ताण, सांधारोपणातील : मापन

कृत्रिम सांधा बसवताना हाडांभोवतीचे अस्थिबंध, संधिकोश, कंडरा व स्नायू किती घट्ट किंवा सैल आहेत, हे शस्त्रक्रिया चालू असतानाच अजमावण्याच्या पद्धती या नोंदीत दिल्या आहेत. विषयाचा बहुतेक विचार गुडघ्यासंबंधी झाला आहे. खुब्यात गोळा खोल वाटीत बसतो. गुडघ्यात मात्र मांडीच्या हाडाचे दोन गोल माथे नडगीच्या जवळजवळ सपाट पृष्ठावर टेकतात. त्यामुळे स्थैर्याचा भार मुख्यतः बंधांवर पडतो. बंध सैल राहिल्यास सांधा डगमगतो, फार आवळले गेल्यास तो दुखतो व पुरेसा वाकत नाही. एकच बाजू घट्ट असेल तर त्या बाजूचे पॉलिएथिलीन (कृत्रिम सांध्याच्या धातूच्या भागांमधील प्लास्टिक) लवकर झिजते.

संज्ञेबाबत सावधगिरी हवी. शस्त्रक्रियेत बंधातील ताण प्रत्यक्ष मोजला जात नाही. मोजले जाते ते ठरावीक जोर लावल्यावर हाडांमध्ये पडणारे अंतर (मिलिमीटरमध्ये) किंवा ठरावीक अंतर ठेवल्यावर सांध्याच्या पृष्ठांवर येणारा दाब (न्यूटन किंवा पौंडामध्ये). या दोन राशी एकमेकींच्या जागी वापरता येत नाहीत. बंधाचे तंतू सुरुवातीला नागमोडी असतात. ते सरळ होईपर्यंत थोड्या जोरात बंध बराच लांबतो आणि त्यानंतर एकदम ताठर होतो. त्यामुळे नुसते अंतर पाहून बंध जोर व लांबी यांच्या आलेखातील वक्राच्या मऊ भागात आहे की ताठर भागात, हे कळत नाही. शिवाय ऊती ताणून धरली की तिचा प्रतिकार काही काळ उतरत जातो. त्यामुळे लगेच घेतलेले आणि थोडे थांबून घेतलेले वाचन जुळत नाही. ग्रंथांतून ‘ताण’, ‘दाब’ आणि ‘फट’ हे शब्द सैलपणे वापरले जातात व बरेचसे मतभेद तेथूनच उद्‌भवतात, असे दिसते.

गुडघ्यात दोन फटी विचारात घेतात : पाय सरळ असतानाची आणि गुडघा ९० अंशांत वाकवल्यावरची. दोन्ही आयताकृती व सारख्या उंचीच्या असाव्यात, हा अभिजात नियम. दोन्ही अरुंद असतील तर नडगीचे हाड आणखी कापतात किंवा पातळ प्लास्टिक घालतात. फक्त सरळ स्थितीतील फट अरुंद असेल तर मांडीच्या हाडाचे खालचे टोक अधिक कापतात. फक्त वाकलेल्या स्थितीतील अरुंद असेल तर मांडीच्या हाडावर बसवायचा कृत्रिम भाग (पुढे ‘मांडीचा भाग’) लहान आकाराचा घेतात. नैसर्गिक नडगीचे पृष्ठ आतल्या बाजूला सुमारे ३ अंश उतरते असते, पण ते अक्षाला काटकोनात कापले जाते. म्हणून वाकलेल्या स्थितीत फट आयताकृती यावी यासाठी मांडीचा भाग तितकाच, म्हणजे सुमारे ३ अंश, बाहेरच्या दिशेने फिरवून बसवतात.

दोन्ही फटी समान ठेवण्याची ही कल्पना प्रथम कोणाची, याविषयी एकमत नाही. लंडनमध्ये शल्यचिकित्सक मायकेल फ्रीमन यांनी अभियंता स्वॉन्सन यांच्यासह १९७० च्या सुमारास गुडघ्याचा जो कृत्रिम सांधा पुढे आणला, त्याच्या शस्त्रपद्धतीत दोन्ही स्थितींत समान फट साधणे व त्यासाठी ताणयंत्र (टेन्सर) वापरणे या गोष्टी आढळतात. न्यूयॉर्कमध्ये जॉन इन्सॉल, चित्तरंजन राणावत व पीटर वॉकर यांच्या गटाचा ‘टोटल कॉन्डिलर’ सांधा १९७४ च्या सुमाराचा. फटींचा समतोल ही पद्धत जगभर शिकवली गेली ती प्रामुख्याने इन्सॉल यांच्या नावाने. मूळ तत्त्व फ्रीमन यांच्या गटाचे आणि त्याची शस्त्रक्रियेतील पायरीवार मांडणी इन्सॉल यांची, हे मत अधिक पटण्याजोगे आहे. १९८० च्या दशकात हंगरफोर्ड व क्रॅको यांनी ‘मोजून कापणे’ ही प्रतिस्पर्धी पद्धत रूढ केली. तीत जितक्या जाडीचे हाड काढले तितक्याच जाडीचा धातू बसवतात, फिरण्याचा कोन हाडांच्या खुणांवरून ठरवतात आणि बंधांकडे शेवटी पाहतात. फटीच्या पद्धतीत तो कोन बंधांचा ताणच ठरवतो. त्यामुळे एखादा बंध आधीच झिजलेला किंवा जास्त सोडवला गेलेला असल्यास मांडीचा भाग चुकीच्या कोनात बसतो. प्रत्यक्षात आज अनेक शल्यचिकित्सक दोन्हींचे मिश्रण वापरतात.

सर्वांत जुने साधन म्हणजे हात. चाचणीचा सांधा बसवून शल्यचिकित्सक एका हाताने मांडी स्थिर धरतो, दुसऱ्या हाताने घोटा आत-बाहेर ढकलतो आणि सांध्याची कड किती उघडते ते बोटाने व नजरेने ठरवतो. ठरावीक जाडीचे ठोकळे (स्पेसर) आणि पाती फाकवणारा लॅमिना स्प्रेडर ही त्यानंतरची साधने. स्प्रेडरची पाती उघडत गेली की बंध दोरीसारखे ताठ उभे राहिलेले दिसतात. पण मूठ किती जोराने आवळली याची नोंद कोठेच होत नाही. ताणयंत्रात हीच उणीव भरून निघते : स्प्रिंग किंवा टॉर्क पान्याने जोर ठरवायचा आणि पट्टीवर अंतर व कोन वाचायचा. जपानमधील कोबे येथील शल्यचिकित्सकांनी एका बाजूस सरकवलेल्या दांड्याचे ताणयंत्र बनवले. त्यामुळे गुडघ्याची वाटी जागेवर ठेवून माप घेता येते. त्यांच्या अभ्यासांत ४० पौंड (सुमारे १७८ न्यूटन) जोर वापरलेला आढळतो. हा मुद्दा क्षुल्लक नाही. वाटी उलटून बाजूला सारली की मांडीचा पुढचा स्नायू ओढला जातो आणि वाकलेल्या गुडघ्याचे वाचन बदलते. मागचा स्वस्तिकबंध (गुडघ्याच्या आत एकमेकांना छेदणाऱ्या दोन बंधांपैकी मागचा) काढल्यावरही वाकलेल्या स्थितीतील फट सरळ स्थितीतील फटीपेक्षा अधिक वाढते. भुलीखाली स्नायूंचा स्वाभाविक जोर नसतो, हे तर प्रत्येक मापाला लागू आहे.

इलेक्ट्रॉनिक संवेदक प्लास्टिकच्या चाचणी-तबकडीतच बसवलेला असतो आणि आतल्या व बाहेरच्या कप्प्यांवरील दाब पडद्यावर दाखवतो. व्हेरासेन्स हे त्यांतील सर्वाधिक अभ्यासलेले. ते बनवणारी ऑर्थोसेन्सर कंपनी २०२१ मध्ये स्ट्रायकर या वैद्यकीय उपकरणांच्या कंपनीने घेतली. दोन कप्प्यांतील फरक १५ पौंडांपर्यंत (सुमारे ६७ न्यूटन) असल्यास सांधा संतुलित मानावा, हा निकष याच साधनाच्या अभ्यासांतून आला. सुरुवातीचे निष्कर्ष उत्साहवर्धक होते. नंतरच्या यादृच्छिक चाचण्यांत मात्र रुग्णांनी सांगितलेल्या वेदनेत व हालचालीत ठळक फरक सहसा दिसला नाही. संवेदक समतोल दाखवतो, याविषयी फारसा वाद नाही. तो समतोल रुग्णाला हवा असलेलाच आहे का, हा खरा प्रश्न आहे, आणि गुडघारोपणानंतर सुमारे पाचातला एक रुग्ण असमाधानी राहतो हे ध्यानात घेता तो फार महत्त्वाचा आहे.

कारण निरोगी गुडघाही सममित नसतो. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका एमआरआय अभ्यासात वाकलेल्या निरोगी गुडघ्यावर ताण दिल्यावर बाहेरची बाजू सरासरी ६.७ मिमी., तर आतली केवळ २.१ मिमी. उघडली. बेलमान्स व सहकाऱ्यांना (२०१२) तक्रार नसलेल्या तरुणांत ३२ टक्के पुरुष व सुमारे १७ टक्के स्त्रियांचे पाय स्वभावतःच ३ अंश किंवा अधिक धनुष्याकृती आढळले. अशा पायाला काटेकोर सरळ अक्षात आणायचे तर आतले बंध सोडवावे लागतात, म्हणजे जन्मभराचा ताण बदलावा लागतो. नैसर्गिक अक्ष राखून हाड कापावे व बंधांना शक्यतो हात लावू नये, या मताकडे अलीकडे कल वाढत आहे. हाडाचे वाढलेले काटे आधी काढून मगच माप घ्यावे, हे मात्र सर्वमान्य आहे. काट्यावरून ताणलेला बंध तो काढताच सैल पडतो.

खुब्यात मापन बहुतांशी हातानेच होते : पाय खाली ओढून गोळा वाटीतून किती सरकतो ते पाहतात, तसेच पायाची लांबी व गोळ्याच्या केंद्रापासून मांडीच्या हाडाचे बाजूचे अंतर तपासतात. खुब्याच्या कृत्रिम सांध्याचे प्रवर्तक ब्रिटिश शल्यचिकित्सक चार्न्ली यांनी १९६० च्या दशकातच मांडीच्या हाडाचा मोठा उंचवटा बाहेर सरकवून बाजूच्या स्नायूंना ताण देण्याचा आग्रह धरला होता. खांद्याच्या उलट्या सांध्यात, म्हणजे गोळा व वाटी यांच्या जागा बदललेल्या सांध्यात (फ्रेंच शल्यचिकित्सक ग्रामाँ, १९८५), भुजेचे हाड खाली उतरवून त्रिकोणी स्नायू ताणला जातो. ताण पुरेसा आहे की नाही, हे तेथेही मुख्यतः हाताच्या अंदाजानेच ठरते.