कवितेचा कागद का थरथरतो?

हिवाळा सुरू झाला की बेळगाव तालुक्यात कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा, बेळगुंदी अशा गावांमधून मराठी साहित्य संमेलनांचे मांडव घातले जातात. अशाच एका मांडवात खानापूरकडची एक तरुण कवयित्री ध्वनिक्षेपकासमोर उभी राहिली आणि तिच्या हातातला कागद एवढा थरथरू लागला की त्याची फडफड मागच्या रांगेपर्यंत ऐकू आली. कविता चांगली होती. माझ्या शेजारचे गृहस्थ मात्र हळूच म्हणाले, "सभाधीटपणा रक्तातच असावा लागतो." त्यांना जन्मजात गुण अभिप्रेत होता, आणि तेथे ते चुकले, पण त्या क्षणी जे काही घडत होते ते खरोखरच तिच्या रक्तात घडत होते.

तिला भीती कशाची होती, हे तिने नंतर सांगितले. पहिल्या रांगेत पुण्याहून आलेले पाहुणे होते आणि घरी "काय करायलास?" असे विचारणारी आपली जीभ त्यांच्यासमोर घसरेल, लोक हसतील, असे तिला वाटत होते. म्हणजे धोका वाघाचा नव्हता, मूल्यमापनाचा होता. शरीर मात्र दोन्ही वेळी तीच यंत्रणा वापरते, आणि या यंत्रणेच्या दोन वाटा आहेत.

पहिली वाट मज्जातंतूंची. मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींच्या गाभ्यात अॅड्रेनॅलिन हे संप्रेरक (हार्मोन) आधीच तयार करून सूक्ष्म पिशव्यांमध्ये साठवलेले असते. मेंदूकडून संदेश येताच ते काही सेकंदांत रक्तात उतरते. हृदय धडधडते, त्वचेतील रक्तवाहिन्या आकसल्यामुळे बोटे गार पडतात आणि प्रत्येकाच्या हातात एरवीही असणारा, पण डोळ्यांना न जाणवणारा सूक्ष्म कंप वाढतो. पातळ कागद तो कंप आणखी मोठा करून दाखवतो.

दुसरी वाट मला अधिक मोहक वाटते, कारण ती संथ आहे. मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस एक संप्रेरक सोडतो. ते अतिशय बारीक रक्तवाहिन्यांमधून पियुषिका ग्रंथीपर्यंत पोहोचते. पियुषिका दुसरे संप्रेरक रक्तात सोडते आणि ते अधिवृक्क ग्रंथीच्या बाहेरच्या थराला कॉर्टिसॉल हे ताणाचे संप्रेरक बनवण्याची आज्ञा देते. 'बनवण्याची' हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. कॉर्टिसॉलचा साठा नसतो. 'स्टार' नावाचे प्रथिन कोलेस्टेरॉलला पेशीतील तंतुकणिकेच्या (मायटोकाँड्रियाच्या) आतल्या पडद्यापर्यंत नेते आणि तेथून टप्प्याटप्प्याने त्याचे कॉर्टिसॉल होते. अॅड्रेनॅलिन म्हणजे डब्यात भरून ठेवलेला चिवडा असेल, तर कॉर्टिसॉल म्हणजे पाहुणा दारात आल्यावर दूध आटवायला घेतलेला कुंदा. म्हणून कविता वाचून माणूस जागेवर येऊन बसतो, टाळ्याही विरतात, आणि कॉर्टिसॉलची पातळी त्यानंतर शिखर गाठते. पुढे हेच कॉर्टिसॉल हायपोथॅलॅमस आणि पियुषिका यांना थांबण्याचा संकेत देते आणि साखळी शांत होते.

१९९३ मध्ये जर्मनीतील ट्रियर विद्यापीठातील संशोधकांनी असा ताण घडवून तो मोजण्याची एक पद्धत प्रसिद्ध केली. परीक्षकांसमोर पाच मिनिटे भाषण करायचे आणि मग पाच मिनिटे १०२२ मधून १३ वजा करत जायचे. चूक झाली की पुन्हा १०२२ पासून. परीक्षकांना चेहरा निर्विकार ठेवण्याची शिकवण दिलेली असते. यात लाळेतील कॉर्टिसॉल दोन ते चार पट वाढल्याचे आढळले. पुढे असाच प्रयोग रिकाम्या खोलीत, परीक्षकांविना केला गेला तेव्हा ही वाढ जवळजवळ दिसली नाही. २००४ मध्ये २०८ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला, त्यातही सर्वाधिक वाढ तेथेच आढळली जेथे इतरांकडून पारख होत होती आणि परिणाम आपल्या हातात नव्हता.

यावर उपाय विकणारे पुष्कळ आहेत. कोणी पोवळ्याची अंगठी सुचवतो, कोणी 'सात दिवसांत सभाधीट' करून देतो. हातपाय पसरून ऐटीत बसल्यास किंवा उभे राहिल्यास कॉर्टिसॉल घटते, हा २०१० मधील दावा तर विज्ञानाच्या वेशात जगभर फिरला. तो ४२ जणांवरील प्रयोगावर उभा होता. २०१५ मध्ये २०० जणांवर तो पडताळला गेला तेव्हा संप्रेरकांवर काहीही परिणाम दिसला नाही. अंगठीपेक्षा हे स्वस्त, एवढेच.

याउलट, एक साधी माहिती खरोखर उपयोगी पडल्याचे दिसले आहे. वक्त्याला वाटते की आपली धडधड सर्वांना दिसते आहे. श्रोत्यांना प्रत्यक्षात त्यापेक्षा पुष्कळ कमी जाणवते. सॅवित्स्की आणि गिलोविच या मानसशास्त्रज्ञांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही वक्त्यांना हे भाषणापूर्वीच समजावून सांगितले, आणि त्यांची भाषणे त्यांना स्वतःला तसेच श्रोत्यांनाही अधिक चांगली वाटली. आमच्या कवयित्रीच्या गार बोटांची, कोरड्या घशाची मांडवात कोणालाही कल्पना नव्हती. चुगली केली ती फक्त कागदाने.

सरावानेही फरक पडतो. ट्रियरची परीक्षा त्याच व्यक्तींनी लागोपाठ पाच दिवस दिली, तेव्हा बहुतेकांची कॉर्टिसॉलवाढ दुसऱ्याच दिवशी उतरली. काहींची मात्र पुढेही होत राहिली. शिवाय भीती ओसरते तेव्हा जुनी आठवण पुसली जात नाही, तिच्यावर नवी आठवण बसते, आणि ही नवी आठवण जागेला चिकटलेली असते. गावच्या मांडवात निर्धास्त वाचणारा कवी कोल्हापूरच्या सभागृहात पुन्हा घामाघूम होतो, तो त्यामुळेच. म्हणून पन्नास वेळा घरच्या आरशासमोर वाचण्यापेक्षा पाच वेगवेगळ्या ठिकाणी, वेगवेगळ्या माणसांसमोर वाचणे अधिक उपयोगाचे ठरते, आणि एका हंगामात हाकेच्या अंतरावर इतकी संमेलने असणे ही आपल्या भागातील कवींची मोठीच सोय आहे.

ती कवयित्री नंतर मला दुसऱ्या गावच्या संमेलनात भेटली. बोटे अजूनही गारच होती, असे ती म्हणाली. कविता मात्र तिने परीक्षेच्या पॅडला चिमटा लावून आणली होती.