जिल्हास्तरीय शालेय मूल्यमापन

एखाद्या जिल्ह्यातील सार्वजनिक शाळांमध्ये अध्यापन कसे चालते आणि तेथील विद्यार्थी वर्षागणिक कोठून कोठवर पोचतात, याची ठरावीक मापांनी घेतलेली व शाळाशाळांमध्ये तुलना करता येईल अशी नोंद म्हणजे जिल्हास्तरीय शालेय मूल्यमापन. सार्वजनिक शाळा म्हणजे येथे सरकारच्या किंवा स्थानिक संस्थांच्या खर्चाने चालणाऱ्या आणि सर्वांना खुल्या असलेल्या शाळा. ‘पब्लिक स्कूल’ असे नाव लावणाऱ्या खाजगी शाळा नव्हेत. ‘जिल्हा’ या शब्दाचा अर्थही देशपरत्वे बदलतो. अमेरिकेत शिक्षण-जिल्हा ही शाळा चालवणारी स्वतंत्र यंत्रणा असते आणि बहुतेक ठिकाणी तिचे मंडळ लोकांनी निवडून दिलेले असते. भारतात जिल्हा हे सर्वसाधारण प्रशासनाचे एकक असून शिक्षणाची आकडेवारी त्याच चौकटीत गोळा होते.

या मूल्यमापनात दोन वेगळे प्रश्न गुंतलेले असतात. विद्यार्थी आज कोणत्या पातळीवर आहेत, हा पहिला आणि शाळेत आल्यापासून ते किती पुढे सरकले, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर एका परीक्षेतून मिळते. दुसऱ्यासाठी त्याच मुलाचे निदान दोन वेळचे माप हाती असावे लागते. शाळांविषयीच्या सार्वजनिक चर्चेत बहुतेक वेळा पहिल्याच प्रश्नाचे उत्तर दुसऱ्याचे म्हणून वापरले जाते आणि या विषयातील बहुतेक चुकीचे निष्कर्ष तेथूनच निघतात.

पूर्वपीठिका : शाळेचा निकाल आणि तिला मिळणारा पैसा यांची सांगड घालण्याचा मोठा प्रयोग इंग्लंडमध्ये १८६२ च्या सुधारित नियमावलीने झाला. तपासनीस शाळेत येऊन एकेका मुलाची वाचन, लेखन व अंकगणित यांत परीक्षा घेई आणि अनुदानाचा मोठा भाग हजेरी व त्या निकालावर ठरे. परिणामी शिक्षण या तीन विषयांपुरते आक्रसले आणि वाचनाचे पुस्तक मुलांकडून पाठ करून घेण्याची रीत पडली. कवी व शाळा-तपासनीस मॅथ्यू आर्नल्ड यांनी आपल्या अहवालांतून या पद्धतीवर सातत्याने टीका केली. १८९० च्या दशकात ती मोडीत निघाली.

अमेरिकेत १९६४ च्या नागरी हक्क कायद्यान्वये समाजशास्त्रज्ञ जेम्स कोलमन यांच्या नेतृत्वाखाली पाहणी होऊन १९६६ मध्ये तिचा अहवाल प्रसिद्ध झाला. सुमारे ४,००० शाळांच्या या पाहणीतून असे दिसले, की मुलांच्या गुणांतील फरकांचा संबंध इमारती, ग्रंथालये किंवा खर्च यांपेक्षा घरच्या परिस्थितीशी अधिक आहे. त्यावरून ‘शाळेने काही फरक पडत नाही’ असा अर्थ अनेकांनी काढला. तो बरोबर नव्हता, कारण ही पाहणी एका वेळची होती. शाळेत आल्यानंतर मूल किती वाढले, हे तिला पाहताच येत नव्हते.

पातळी आणि प्रगती : पाचवीच्या वर्गातली एक मुलगी जूनमध्ये दुसरीच्या पुस्तकातला परिच्छेद बोट ठेवून, अडखळत वाचते. वर्षअखेरीस ती चौथीचा धडा सलग वाचते आणि त्यावरील प्रश्नांची उत्तरे स्वतःच्या शब्दांत देते. एका वर्षात तिने दोन वर्षांची मजल मारली; तरीही पाचवीच्या चाचणीत तिच्या नावापुढे ‘अप्रगत’ असेच लागते. शेजारच्या शाळेतला मुलगा घरूनच पाचवीपुरते वाचायला शिकून आला आणि वर्षभर जागच्या जागी राहिला, तरी तो ‘प्रगत’ गणला जातो. प्रगत विद्यार्थ्यांची टक्केवारी लावली की दुसरी शाळा वर आणि पहिली खाली. हा हिशेब त्या मुलीवर आणि तिच्या शिक्षिकेवर उघड अन्याय करतो.

अमेरिकेत जानेवारी २००२ मध्ये अमलात आलेल्या ‘नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड’ कायद्याने नेमका हाच हिशेब देशभर लागू केला. तिसरी ते आठवीच्या विद्यार्थ्यांची वाचन व गणिताची चाचणी दरवर्षी घ्यायची, निकाल गरीब, अपंग, अल्पसंख्याक अशा गटांप्रमाणे वेगळा मांडायचा आणि २०१४ पर्यंत सर्व विद्यार्थी प्रवीण करायचे, असे त्याचे स्वरूप होते. गटवार मांडणी ही त्याची मोलाची देणगी ठरली. तोवर सरासरीच्या आड झाकली गेलेली मुले त्यामुळे दिसू लागली. मात्र प्रावीण्याची रेषा राज्यांनीच आखायची असल्याने ती खाली आणण्याचा मोहही वाढला. डिसेंबर २०१५ च्या पुढील कायद्याने शंभर टक्क्यांचे उद्दिष्ट काढले आणि गरीब मुलांसाठीचे संघीय अनुदान मिळणाऱ्या शाळांपैकी सर्वांत मागे पडलेल्या पाच टक्क्यांकडे लक्ष वळवले.

प्रगती मोजण्याच्या पद्धतींपैकी ‘मूल्यवर्धन’ ही सर्वाधिक चर्चिली गेली. विद्यार्थ्याच्या आधीच्या गुणांवरून त्याला पुढे किती गुण मिळावेत याचा अंदाज बांधायचा आणि प्रत्यक्ष गुण त्याहून जितके जास्त वा कमी, तितका शाळेचा वाटा मानायचा, हे तिचे सूत्र. टेनेसी राज्याने १९९२ च्या कायद्याने ती स्वीकारली. तिची आखणी करणारे विल्यम सँडर्स हे मूळचे कृषी क्षेत्रातले संख्याशास्त्रज्ञ होते आणि पशुपैदाशीच्या अभ्यासात वापरली जाणारी गणिती प्रतिमाने त्यांनी वर्गातील गुणांना लावली. शाळेच्या पातळीवर ही पद्धत उपयुक्त ठरते. एकेका शिक्षकाला तिच्या तराजूत तोलणे मात्र धोक्याचे आहे. गुणांतील एकूण फरकांपैकी केवळ १ ते १४ टक्के फरक शिक्षकांमुळे पडतो असे बहुतेक अभ्यासांत आढळते, याकडे अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनने २०१४ च्या निवेदनात लक्ष वेधले.

इंग्लंडमध्ये २०१६ पासून ‘प्रोग्रेस ८’ हे माप वापरात आले. प्राथमिक शाळा सोडताना ज्यांचे गुण सारखे होते, अशा देशभरातील मुलांशी विद्यार्थ्याच्या आठ विषयांतील निकालाची तुलना त्यात होते. शून्य म्हणजे सरासरीइतकी प्रगती, तर अधिक एक म्हणजे प्रत्येक विषयात सरासरीहून एक श्रेणी वर. कोविडच्या साथीमुळे २०२० आणि २०२१ मधील प्राथमिक चाचण्या रद्द झाल्या आणि त्या वेळी जी मुले दहा-अकरा वर्षांची होती, ती सोळाव्या वर्षाला पोचली तेव्हा, म्हणजे २०२४-२५ व २०२५-२६ या वर्षांसाठी, हे माप काढताच आले नाही. आरंभीची नोंद नसेल, तर शेवटची परीक्षा कितीही नेमकी असली तरी प्रगतीचा आकडा निघत नाही.

संपूर्ण जिल्ह्याच्या पातळीवर हा भेद स्टॅनफर्ड विद्यापीठातील शॉन रिअर्डन यांच्या अभ्यासाने ठळक केला. सुमारे ११,००० शिक्षण-जिल्ह्यांतील गुण एका मोजपट्टीवर आणल्यावर असे दिसले, की तिसरीतील सरासरी पातळीचा कुटुंबांच्या आर्थिक स्थितीशी दाट संबंध आहे, पण तिसरी ते आठवी या काळातील वाढीशी त्या स्थितीचा संबंध बराच क्षीण आहे. शिकागोतील मुले तिसरीत राष्ट्रीय सरासरीच्या बरीच मागे होती. पुढील पाच वर्षांत मात्र त्यांनी सुमारे सहा वर्षांइतकी वाढ दाखवली. केवळ सरासरी गुणांच्या यादीत हे शहर नापास ठरले असते.

आकड्यांची मर्यादा : वीस मुलांच्या वर्गात एका मुलाचा निकाल बदलला की टक्केवारी पाचने हलते; दोनशेंच्या शाळेत ती अर्ध्या टक्क्याने हलते. सरासरीतले योगायोगाने येणारे विखुरलेपण पटसंख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटत जाते. म्हणून पंचवीस मुलांच्या शाळेचा आकडा शंभरांच्या शाळेच्या दुप्पट डळमळतो. क्रमवारीच्या माथ्यावर आणि तळाशी लहान शाळांची गर्दी दिसते, ती बऱ्याच अंशी यामुळे. त्याच कारणाने यंदा तळाला गेलेली शाळा पुढच्या वर्षी आपोआप थोडी वर येते आणि मधल्या काळात राबवलेल्या उपक्रमाला त्याचे श्रेय फुकट मिळते. तीन वर्षांचे आकडे एकत्र धरणे आणि आकड्यासोबत त्रुटीची मर्यादा छापणे हे त्यावरचे साधे उपाय आहेत. ते नेहमी योजले जातात असे नाही.

दोन वर्षांच्या प्रश्नपत्रिका सारख्या कठीण नसतात, म्हणून काही समान प्रश्न दोन्हींत ठेवून त्यांच्या आधारे मोजपट्टी जुळवावी लागते. शिवाय गेल्या वर्षीची पाचवी आणि यंदाची पाचवी ही वेगवेगळी मुले असतात. त्यांच्या टक्केवारीतील फरकाला ‘प्रगती’ म्हणणे चूक आहे.

कोणाला मोजायचे, हाही प्रश्न तितकाच नाजूक. चाचणीच्या दिवशी कच्ची मुले गैरहजर राहिली तर शाळेची सरासरी वाढते. म्हणून अमेरिकी कायदा किमान ९५ टक्के विद्यार्थ्यांनी चाचणी द्यावी अशी अपेक्षा ठेवतो. शाळा सोडून गेलेल्याची नोंद ‘दुसरीकडे दाखल’ अशी केली की गळती कागदावरून नाहीशी होते. २००८ च्या संघीय नियमाने अशा बदलीचा लेखी पुरावा आवश्यक केला.

दडपणाचे परिणाम : निर्णय ज्या मापावर ठरतात, ते माप त्या दडपणाने बिघडते आणि ज्याचे मोजमाप करायचे तेही बिघडवते, असे मानसशास्त्रज्ञ डोनल्ड कॅम्बेल यांनी १९७० च्या दशकात मांडले. उत्तीर्णतेच्या रेषेलगतच्या, काठावरच्या मुलांवर सारा भर देऊन फार मागे पडलेल्यांना सोडून देणे हा त्याचा सौम्य दिसणारा, पण मुलांच्या दृष्टीने सर्वांत क्रूर प्रकार. उघड गैरप्रकारांत अटलांटा शहराचे उदाहरण प्रसिद्ध आहे. तेथील उत्तरपत्रिकांवर चुकीचे वर्तुळ खोडून बरोबर वर्तुळ रंगवल्याच्या खुणा संशय यावा इतक्या अधिक होत्या. २०११ च्या राज्यस्तरीय चौकशी अहवालाने ४४ शाळा व १७८ शिक्षक-अधिकारी यांचा त्यात सहभाग नोंदवला. ज्या मुलांचे गुण वाढवले गेले, त्यांना जादा शिकवणीची गरज असल्याचे कोणाला कळलेच नाही.

भारतातील मूल्यमापन : राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षणाने २०१७ मध्ये तिसरी, पाचवी आणि आठवीच्या विद्यार्थ्यांच्या अध्ययन निष्पत्तींचे, म्हणजे मुले प्रत्यक्षात काय शिकली याचे, जिल्हावार अहवाल दिले. ‘प्रथम’ संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून होणारी ‘असर’ पाहणी ग्रामीण जिल्ह्यांत घरोघरी जाते. पाहणी करणारा मुलाशेजारी बसून त्याच्यापुढे एक कागद ठेवतो. त्यावर अक्षरे, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट असते, आणि मूल जिथवर सहज वाचते ती त्याची पातळी. शाळेत नाव नसलेले किंवा त्या दिवशी वर्गात नसलेले मूलही त्यामुळे मोजले जाते. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या जिल्हा प्रतवारी निर्देशांकाचे पहिले अहवाल २०२२ मध्ये आले. त्यात ८३ निर्देशक, ६०० गुण आणि त्यांपैकी २९० गुण निष्पत्तींना होते. उरलेले गुण वर्गातील अध्यापन, सुविधा, सुरक्षितता, डिजिटल साधने व प्रशासन यांत वाटलेले असल्याने समान बेरजेच्या दोन जिल्ह्यांत वाचनाची स्थिती फार वेगळी असू शकते. म्हणून एकूण श्रेणीपेक्षा विभागवार गुण पाहणे अधिक बोधक ठरते.

राष्ट्रीय सर्वेक्षण आणि ‘असर’ या पाहण्या नमुन्यावर आधारलेल्या असून दर खेपेस वेगळी मुले निवडतात. जिल्ह्याची पातळी त्यांतून कळते, पण तिसरीत अडखळणारे अमुक मूल पाचवीत कोठे पोचले, हे कळत नाही. त्यासाठी त्याच मुलाच्या चाचण्यांची नोंद एका कायम क्रमांकाखाली वर्षानुवर्षे जोडली जावी लागते, मुलाने शाळा बदलली तरी ती त्याच्यासोबत जावी लागते आणि नवे वर्ष सुरू होण्याआधी ती नव्या वर्गशिक्षकाच्या हाती पडावी लागते.