गारपीट (बेळगाव सीमाभाग)

गर्जनमेघातून बर्फाचे गोळे पडणे म्हणजे गारपीट. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी या भागात हिमवर्षाव होत नाही. आभाळातले पाणी गोठून जमिनीवर येते ते गारांच्या रूपानेच, आणि तेही बहुधा वळवाबरोबर. लोक 'गारा पडल्या' एवढेच म्हणतात.

'गार' शब्दाच्या मुळाविषयी मतभेद आहेत. 'गार' म्हणजे थंड या विशेषणाशी त्याचे नाते जोडणे सोपे वाटते. परंतु 'गार' हे गारगोटीच्या दगडाचेही नाव आहे, आणि शेजारच्या भाषांचा कल दगडाकडे दिसतो. कानडीत गारेला 'आलिकल्लु' म्हणतात. त्यातला 'कल्लु' म्हणजे दगड. संस्कृतात 'करका'बरोबर 'वर्षोपल' हा शब्द असून 'उपल' म्हणजेही दगडच. त्यामुळे दगडाचा अर्थ आधीचा मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

छांदोग्य उपनिषदात (१.१०.१) 'मटची'मुळे कुरुदेशाचे पीक गेल्याचा उल्लेख आहे. शंकराचार्यांनी या शब्दाचा अर्थ अशनी (वज्रपात) असा केला; आनंदतीर्थांनी (मध्वाचार्यांनी) पाषाणवृष्टीचा, म्हणजे गारांचा, पर्यायही दिला. संस्कृतचे अभ्यासक कर्नल जेकब यांनी मात्र टोळ हा अर्थ सुचवला. त्याला आधार कानडी 'मिडिचे' (टोळ) या शब्दाचा दिला जातो. तो ग्राह्य धरला, तर गारपिटीचा हा प्राचीन दाखला बाद होतो. वाद मिटलेला नाही. तरी कानडी साम्य दुर्लक्षिण्याजोगे नाही.

एप्रिल-मे महिन्यांत दुपारनंतर तापलेल्या पठारावर अरबी समुद्राकडील दमट हवा व पूर्वेकडील कोरडी हवा भेटली की उंच मेघ बनतात. या काळात शून्य अंशाची पातळी साधारण ४.५ ते ५ किमी. उंचीवर असते. तिच्यावर अतिशीत (शून्याखालीही न गोठलेले) थेंब हिमकणाला चिकटून गोठतात व गार वाढत जाते. गार फोडली तर कांद्यासारखे पापुद्रे दिसतात : दुधी थरात हवेचे बुडबुडे अडकलेले, पारदर्शक थर सावकाश गोठलेला. प्रत्येक थर म्हणजे गारेचा मेघातला एक चढ-उतार, असे पूर्वी मानत. मेघात वेगवेगळ्या ठिकाणी पाण्याचे प्रमाण वेगळे असल्याने एकाच फेरीतही अनेक थर बसू शकतात, हे स्पष्टीकरण आता पुरेसे धरले जाते.

फेब्रुवारी-मार्च २०१४ मधील गारपीट वळवाची नव्हती. हिमालयात बर्फ आणणाऱ्या पश्चिमी विक्षोभांचा (पश्चिमेकडून येणाऱ्या वादळी प्रणालींचा) प्रभाव दक्षिणेकडे सरकून दमट हवेशी गाठ पडल्याने महाराष्ट्रात व उत्तर कर्नाटकाच्या काही भागांत दिवसेंदिवस गारा पडल्या.

अथणीकडील द्राक्षबागांत गारेचा मार बसलेला मणी तडकतो आणि मग घड कुजतो. खानापुरात काजू-आंब्याचे नुकसान होते, कौले फुटतात. प्रधानमंत्री पीक विमा योजनेत (२०१६) गारपीट स्थानिक आपत्ती म्हणून धरलेली आहे. पंचनामा मात्र गारा वितळल्यावरच होतो.