बाइजी : नामकरण व वर्गीकरण

चीनमधील यांगत्झी नदीतला, लांब व टोकाशी किंचित वर वळलेल्या मुस्कटाचा डॉल्फिन. शास्त्रीय नाव लिपोटीस व्हेक्सिलिफर. २००६ च्या अखेरीस सहा आठवडे मुख्य प्रवाह धुंडाळूनही एकही प्राणी दिसला नाही. तेव्हापासून बहुतेक अभ्यासक ही जाती नामशेष मानतात.

नामकरण : ‘अर-या’ या प्राचीन चिनी कोशात (बहुधा इ. स. पू. तिसरे शतक) ‘जी’ हा शब्द येतो. त्यावरील भाष्यात चिनी विद्वान ग्वो पू (इ. स. २७६–३२४) सांगतो, की या प्राण्याची चोच बारीक, टोकदार व लांब असून नाक कपाळावर असते, तो आवाज काढतो आणि पिलांना जन्म देतो. यांगत्झीतल्या शिशुकाचे (पोर्पॉइजचे) डोके बोथट असल्याने हे वर्णन बाइजीचेच धरणे योग्य वाटते. पाश्चात्त्य शास्त्राला तो माहीत झाला विसाव्या शतकात. चार्ल्स हॉय या अमेरिकन तरुणाने डोंगटिंग सरोवरात १९१४ च्या सुमारास मारलेल्या प्राण्यावरून अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ गेरिट मिलर यांनी १९१८ मध्ये प्रजाती व जाती दोन्ही स्थापिल्या. ग्रीक ‘लिपोटीस’ म्हणजे मागे राहिलेला. लॅटिन ‘व्हेक्सिलिफर’ म्हणजे ध्वजधारी. स्थानिक नावाचा अर्थ ‘पांढरा ध्वज’ असून ते पाठीवरच्या परामुळे (फिनमुळे) पडले, अशी हॉयची समजूत होती. नंतरच्या अभ्यासकांच्या मते ‘बाइजी’तला ‘जी’ त्याने ध्वजवाचक ‘छी’ असा ऐकला. हेच मत अधिक ग्राह्य दिसते, कारण ‘जी’ची कोशपरंपरा जुनी आहे. तरीही नामकरणाच्या नियमांत अग्रक्रम पहिल्या नावाला असतो आणि चुकीची व्युत्पत्ती हे नाव बदलण्याचे कारण ठरत नाही. दोन हजार वर्षांचा शब्द असलेल्या प्राण्याला शास्त्रात ऐकण्यातली चूक कायमची चिकटावी, हे खेदाचे आहे.

वर्गीकरण : मिलर यांनी तो ॲमेझॉन नदीतल्या इनिया या डॉल्फिनजवळ ठेवला. पुढे लांब मुस्कट व बारीक डोळे पाहून नदीतले सर्व डॉल्फिन, गंगेतला सूंससुद्धा, एकाच गटात घालण्याची प्रथा पडली. १९७८ मध्ये चिनी प्राणिशास्त्रज्ञ झोऊ काइया व सहकाऱ्यांनी लिपोटिडी हे स्वतंत्र कुल मांडले. २००० च्या सुमाराच्या डीएनए अभ्यासांनी त्याला बळ दिले : बाइजी दक्षिण अमेरिकेतील इनिया व पाँटोपोरिया या डॉल्फिनांच्या जवळचा, तर सूंस फार आधी फुटलेल्या शाखेतला. मुस्कटाचे साम्य नदीतल्या जगण्यातून स्वतंत्रपणे आलेले असावे.

जीवाश्म : चीनमधील ग्वांग्शीतला प्रोलिपोटीस (मायोसीन या भूवैज्ञानिक काळातला) जबड्याच्या तुकड्यावर आधारित असल्याने त्याचे नाते संदिग्ध आहे. कॅलिफोर्नियातील पॅरापाँटोपोरिया ही जीवाश्म प्रजाती सामान्यतः लिपोटिडी कुलात धरतात.