छायाचित्रकार जागेवर नसताना

एका जुन्या, जाडजूड फर वृक्षाच्या बुंध्याला वाघीण बिलगली आहे. डोळे मिटलेले, गाल सालीवर दाबलेला. आपला गंध त्या झाडावर ठेवून ती हद्द सांगते आहे. रशियाच्या अतिपूर्वेकडील ‘लँड ऑफ द लेपर्ड’ राष्ट्रीय उद्यानातला हा फोटो २०२० साली ‘वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर’ या स्पर्धेत सर्वोत्कृष्ट ठरला. सर्गेई गोर्श्कोव यांनी तो काढला खरा, पण तो क्षण आला तेव्हा ते तिथे नव्हते. झाडांवरचे ओरखडे, केस, गंधाच्या खुणा हुडकत त्यांनी हे झाड हेरलं, समोर कॅमेरा ट्रॅप, म्हणजे प्राणी आला की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा, लावला आणि अकरा महिने वाट पाहिली.

कॅमेऱ्याला वाघीण आल्याचं कळतं कसं? गंमत म्हणजे तो तिला ‘पाहत’ नाही. उबदार शरीरातून अवरक्त किरण सतत बाहेर पडत असतात. ट्रॅपच्या सेन्सरमध्ये एक खास स्फटिक असतो. त्याचं तापमान किंचित बदललं की त्यावर विद्युतभार तयार होतो. असे दोन तुकडे एकमेकांच्या विरुद्ध जोडलेले असतात. ऊन चढलं आणि सगळाच परिसर तापला, तर दोन्ही तुकडे सारखेच तापतात आणि त्यांचे संकेत एकमेकांना खोडून काढतात. प्राणी आडवा गेला, तर त्याची ऊब आधी एका तुकड्यावर पडते, मग दुसऱ्यावर. तेवढ्या फरकावर शटर उघडतं. म्हणून जाणकार लोक ट्रॅप पायवाटेच्या कडेला असा लावतात, की प्राणी समोरून चालत येण्याऐवजी आडवा जाईल.

उणिवाही याच तत्त्वातून येतात. भर दुपारी जमीन जनावराच्या अंगाइतकीच तापली, की सेन्सरला फरकच सापडत नाही. उलट उन्हात तापलेलं गवत वाऱ्यावर डोललं, तरी तो फसतो. मग कार्ड उघडून पाहावं तर शेकडो फोटो नुसत्या गवताचे! त्या शेकड्यांतून एखादा खरा फोटो निवडण्याचा धीर मला कोणत्याही लेन्सपेक्षा मोलाचा वाटतो.

लेन्सचा मोह मात्र सगळ्यांनाच असतो. दूरचं टिपणारी, ६०० मिमी नाभीय अंतराची एफ/४ लेन्स म्हणजे प्रकाश आत येण्याची वाट ६०० भागिले ४, अर्थात १५० मिमी रुंद. एवढ्या रुंद काचा आल्या म्हणजे वजन साधारण तीन किलोच्या घरात जाणारच. इतकं करूनही तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरत असेल, तर दूरचं हरीण पाण्याखाली असल्यासारखं दिसतं. त्यावर कुठल्याही लेन्सकडे उपाय नाही. जवळ जा, नाहीतर पहाटे या.

स्पर्धेच्या अंतिम टप्प्यात परीक्षक रॉ फाइल मागतात. कॅमेऱ्याच्या सेन्सरवरचा प्रत्येक बिंदू लाल, हिरवा किंवा निळा यांपैकी एकच रंग मोजतो. उरलेले दोन रंग शेजारच्या बिंदूंवरून अंदाजाने भरले जातात. रॉ म्हणजे हा अंदाज बांधण्याआधीची कच्ची नोंद. १४ बिटांच्या रॉमध्ये प्रत्येक बिंदूच्या उजेडाच्या १६,३८४ पायऱ्या असतात, जेपेगमध्ये, म्हणजे नेहमीच्या फोटो फाइलमध्ये, फक्त २५६. फोटोत नंतर काही घुसवलं असेल, तर ते या मूळ नोंदीशी ताडून पाहता येतं.

पण रॉ फाइल कॅमेऱ्यासमोर काय होतं तेवढंच सांगते. ते जिवंत होतं का, हे सांगत नाही. २०१७ मध्ये ब्राझीलच्या एमास राष्ट्रीय उद्यानातला एक फोटो या स्पर्धेत आपल्या गटात विजेता ठरला. रात्रीची वेळ, हिरवट ठिपक्यांनी चमकणारं वाळवीचं वारूळ आणि त्याकडे चाललेला मुंगीखाऊ. ठिपके भुंग्यांच्या प्रकाशमान अळ्यांचे. इतका मंद उजेड टिपायला शटर बराच वेळ उघडं ठेवावं लागतं.

पुढे कोणीतरी लक्षात आणून दिलं, की उद्यानाच्या प्रवेशद्वाराशी असलेल्या केंद्रात पेंढा भरलेला एक मुंगीखाऊ आहे आणि तो हुबेहूब असाच दिसतो. स्पर्धा भरवणाऱ्या लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमने ही शंका झटकून टाकली नाही, याचा मला मनापासून आदर वाटतो. तज्ज्ञांनी दोन्ही प्राणी शेजारी शेजारी ठेवावेत तसे तपासले: अंगावरच्या खुणा, उभं राहण्याची ढब, मानेवरच्या आणि डोक्यावरच्या केसांचे झुपके. दोन जिवंत मुंगीखाऊंमध्ये हे सगळं इतकं जुळणं शक्य नव्हतं. छायाचित्रकाराने आरोप नाकारला. त्या फोटोच्या आधीच्या आणि नंतरच्या रॉ फाइल त्याने दिल्याही. त्यांपैकी एकीतही मुंगीखाऊ नव्हता. एप्रिल २०१८ मध्ये त्याचा किताब काढून घेतला गेला आणि फोटो प्रदर्शनातून उतरवला गेला.